बारवेच्या काठावरून

(शताब्दी सप्ताहात सहाव्या दिवशी, हरिपाठ झाल्यावर, बारवेच्या काठावर झालेलं बोलणं. पोरांनी जसं ऐकलं तसं लिहून घेतलं. आम्ही फार बदललं नाही.)





दिंडीला शंभर वर्षं झाली, त्यावर दोन शब्द बोला, असा आम्हाला निरोप आला. आम्ही म्हणलं बोलतो, पण मांडवात नाही, बारवेवर बोलतो. काही मंडळी नाराज झाली. मांडवात पंखे आहेत, माईक चांगला आहे, इथं धूळ अन् डास. ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागतो. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. पुस्तकी बोलणं आम्हाला जमत नाही. समोर वस्तू असली की बोट दाखवून बोलता येतं, म्हणून इथं बोलावलं.

ही आपली बारव. वालूरचं माणूस हिच्याकडं बघत बघत मोठं झालं, म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही. बाहेरचं माणूस आलं की काठावर उभं राहून गप्पच होतं. पायऱ्या बघा, सरळ उतरत नाहीत. शंखाचं वळण असतं तशा फिरत फिरत खाली जातात. जाणकार सांगतात, असल्या फिरत्या पायऱ्यांची बारव महाराष्ट्रात क्वचितच सापडते. शिल्पशास्त्राच्या जुन्या पोथ्यांमध्ये बारवेला तोंडं किती यावरून नावं दिलेली आहेत. एक तोंड असलं तर नंदा, दोन असली तर भद्रा, तीन असली तर जया, चार असली तर विजया. आमच्या आजोबाला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. ते नुसतं ‘बारव’ म्हणायचे अन् उतरताना पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावायचे. देवळाच्या पायरीला लावतात तसा.

पायऱ्या कशासाठी, हे लेकरांना सांगतो. विहिरीला रहाट पाहिजे, दोर पाहिजे, बादली पाहिजे. वाटसरूकडं काय असतं? पडशी अन् तांब्या. पावसाळ्यात पाणी वर असतं, वैशाखात पार तळाला जातं. पाणी कुठंही असो, तहानलेल्या माणसाला आपल्या पायानं तिथवर जाता आलं पाहिजे, आपल्या हातानं ओंजळ भरता आली पाहिजे, म्हणून पायऱ्या. ज्यानं बांधली त्यानं ओळखीच्या माणसासाठी नाही बांधली, वाटेवरच्या अनोळखी माणसासाठी बांधली. आपली दिंडी शंभर वर्षांपूर्वी निघाली तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. गोदावरी ओलांडायची, निजामाच्या मुलखातून इंग्रजाच्या मुलखात जायचं, तेव्हा पंढरी. वाटेत ना टँकर, ना नळ, ना पाण्याची बाटली. पहिल्या पिढीचे वारकरी विहिरी-बारवांच्या भरवशावरच चालले. लोकांनी बांधून ठेवलेल्या बारवांचं पाणी पिऊन आपली दिंडी शंभर वर्षांची झाली, हे आधी ध्यानात घ्या. पुढचं बोलणं मग सोपं जाईल.

आमचं लहानपण या पाण्यात गेलं. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधायचा अन् थोरल्या भावानं वरून ढकलून द्यायचं. हीच आमची पोहण्याची शाळा. चौथीपर्यंतच्या शाळेपेक्षा या शाळेत आमची हजेरी जास्त. उन्हाळ्यात दुपारी गावातली सगळी पोरं इथंच. कुणी सूर मारायचं, कुणी मुटका, कुणी वरच्या पायरीवरून तर कुणी मधल्या. ज्याच्या मुटक्याचं पाणी काठापर्यंत उडालं तो त्या दिवसाचा राजा. म्हातारी माणसं काठावर बसून ओरडायची, पाणी गढूळ करू नका रे भाडखाऊ हो. पण त्यांनाही करमायचं नाही आमच्याबिगर. आता गावात पोहता न येणारी पोरं निम्म्याहून जास्त असतील. पंढरीला गेल्यावर चंद्रभागेत त्यांच्या कमरेला धरून बुडी मारावी लागते.

बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही तेरा-चौदा वर्षांचे. बाप खडी फोडायला जायचा, आम्ही सुकडीच्या रांगेत. आमची माय मात्र पहाटे उठून या बारवेत उतरायची. अगदी खालच्या पायरीवर बसायची, झऱ्याखाली वाटी धरायची, वाटी भरली की घागरीत. एक घागर भरायला किती वेळ लागायचा ते आता सांगून कुणाला खरं वाटत नाही. ती वर यायची तेव्हा उजाडलेलं असायचं.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगताना जरा जड जातं. या पायऱ्या तेव्हा सगळ्यांसाठी नव्हत्या. आमची माय आत उतरायची अन् काही घरच्या माय-बहिणी काठावर रिकामी घागर घेऊन उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर वाट बघायची. आम्ही लहान होतो, आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, हेच वाईट. महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ ला ओंजळ भरली. आपल्या पंढरीचं मंदिर सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजी १९४७ साली उपोषणाला बसले. बाहत्तर साल त्यानंतर किती वर्षांनी आलं, मोजा. चोखोबांची समाधी नामदेव पायरीजवळ आहे. आपण तिथं डोकं टेकवतो, कीर्तनात चोखोबाचं नाव घेताना आमचा गळाही दाटून येतो. अन् गावात आलं की पायरी वेगळी. ज्यानं बारवेला पायऱ्या केल्या त्यानं त्या कुणाला अडवायला केल्या नसतील. हे शंभर वर्षांच्या पुस्तकात छापलं गेलं पाहिजे असं आम्ही मंडळींना म्हणलं. कुणी म्हणालं, उत्सवात कशाला? आम्ही म्हणलं, मग केव्हा?

बरं. पुढं बोरं आली. बोर म्हणजे बोरीचं बोर नव्हे लेकरांनो, जमिनीत पाडायचं बोर. आमच्या वावरात पहिलं बोर पाडलं तेव्हा पाण्याचा फवारा उडाला, आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यानं आमच्यापेक्षा खोल पाडलं. मग आम्ही त्याच्याहून खोल. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मुरमातून मुरतं, पाषाणाच्या फटीत साठतं, तेच पाणी विहिरीला, तेच बारवेला. खाली शेकडो फुटांवर नळी घालून आम्ही ते ओढायला लागलो, मग वरच्या विहिरीत ते राहील कसं? बारवेचं पाणी खाली गेलं. खाली गेलं म्हणून कुणी उतरेना. उतरेना म्हणून कुणी बघेना. कुणी बघत नाही म्हणल्यावर तिथं काय टाकायचं याला सुमारच राहिला नाही. फुटकी मडकी, निर्माल्य, देवाचे जुने फोटो, मेलेलं कुत्रं, भिंत पाडल्यावरची माती. निम्न दुधनाचं धरण आपल्याच सेलू तालुक्यात झालं, नळाला पाणी येतं, मग बारवेचं काय काम, असंही लोक म्हणायला लागले. अन् २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. बघितलं अन् चॅनल बदललं.

आता जे सांगायला इथं बसलोत ते सांगतो.

पोरांनी बारव साफ करायचं काढलं तेव्हा आम्ही आधी हसलो. मुंबईचे रोहन काळे म्हणून एक गृहस्थ आहेत, नोकरी करणारा माणूस, त्यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो बारवांची नोंद करायचं काम हाती घेतलं. पंतप्रधानांनी २७ मार्च २०२२ च्या ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं. ठिकठिकाणची पोरं मोबाईलवर एकमेकांना बारवांचे फोटो धाडायला लागली. आपल्या वालूरचाही फोटो फिरला. फोटोत बारव लई देखणी दिसायची, कारण कचरा दिसणार नाही अशा बाजूनं काढलेला. आम्ही पोरांना म्हणलं, फोटो काढा अन् घरी जा, तुमच्यानं काय व्हायलंय? पण पोरं ऐकेनात. वर्गणी केली, टिकाव, खोरी, घमेली गोळा केली. मग आम्हालाही लाज वाटली, आम्ही धोतर खोचून गेलो.

उतरायच्या आधी आम्ही एकच गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. बुजलेल्या विहिरीत एकदम माणूस उतरवू नये. आत घाण वायू कोंडलेला असतो, तो दिसत नाही, वासही येईलच असं नाही. आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत बारीक झाली, विझली, की माणूस उतरायचा नाही म्हणजे नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला सोल बांधलेला पाहिजे अन् वर दोन माणसं सोल धरून. आमच्या वडिलांनी शिकवलेलं हे एवढंच शास्त्र. पोरं म्हणली, मोबाईलचा टॉर्च आहे की. टॉर्च कुठं विझतो वायूनं?

पहिले काही दिवस वरचा वरचा कचरा निघाला. मग माती. मग गाळ लागला. विहिरीतला गाळ म्हणजे वावराला खत, शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, एरवी त्याच्यासाठी भांडणं होतात. पण हा गाळ कुणी नेईना. कारण त्याच्यात थर्माकोल. पांढरे पांढरे तुकडे, गाळात तिळासारखे. पत्रावळ्या, द्रोण, चहाचे कप. पळसाच्या पानाची पत्रावळ असती तर तिची माती झाली असती, ही तशीच्या तशी. एक पोरगा घमेलं वर देता देता म्हणाला, ‘बुवा, ह्या कुणाच्या लग्नातल्या हो?’

आम्ही बोललो नाही. आम्हाला माहीत होतं. लग्नातल्या नव्हत्या त्या.

माऊली, त्या पत्रावळ्या आपल्या सप्ताहाच्या होत्या. सात दिवसांचा सप्ताह, दोन वेळच्या पंगती, काल्याच्या दिवशी तर पंचक्रोशी जेवायला. पंगतीची जबाबदारी कैक वर्षं आमच्याकडं होती. पंगत उठली की खरकट्याच्या ढिगाचं काय करायचं? ट्रॅक्टरवाला विचारायचा, कुठं नेऊ? आम्ही हातानं दाखवायचो, तिकडं, बारवेकडं. मागं वळून कधी बघितलं नाही, कारण आम्हाला संध्याकाळच्या कीर्तनाची तयारी करायची असायची. कीर्तनाचा विषय काय असायचा? कधी चंद्रभागेचं महात्म्य. कधी नाथबाबांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली ती कथा. आम्ही इकडं ती कथा सांगून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायलो अन् तिकडं आमच्याच हुकमानं बारवेचं पाणी बुजायलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी आम्ही गप्प राहिलो असतो, खरं सांगतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाळातून एक गुंडाळलेलं फ्लेक्स निघालं. पोरांनी पाणी मारून उघडलं. वर अखंड हरिनाम सप्ताह, खाली ‘हरिकीर्तन’, अन् त्याखाली आमचा फोटो. फेटा बांधलेला, हात जोडलेले. पोरं हसायला लागली, मग आमच्याकडं बघून गप्प झाली. कुणीतरी पटकन गुंडाळून बाजूला ठेवलं. आम्ही म्हणलं, ठेवू नका, काठावर पसरून ठेवा, चार दिवस राहू द्या. ते चार दिवस आम्हाला बरे गेले नाहीत.

एवढी वर्षं कीर्तन करतोय. कोलायतची कथा किती वेळा सांगितली असेल. ज्ञानोबाराय अन् नामदेवराय तीर्थयात्रेला निघाले, मारवाडाच्या वाळवंटात तहान लागली, विहीर सापडली ती खोल, जवळ ना दोर ना भांडं. ज्ञानोबाराय योगबळानं लहान होऊन आत गेले, पाणी पिऊन आले. नामदेवरायांनी काही केलं नाही, देवाला हाक मारली. अन् विहीर उचंबळली, काठावरून पाणी वाहिलं. इथं आम्ही टाळ थांबवायचो, टाळकरी ‘विठ्ठल विठ्ठल’ धरायचे, सगळा मांडव उभा राहायचा. भक्तीचा महिमा सांगायला याच्यासारखी कथा नाही. पण ते फ्लेक्स काठावर पडलेलं असताना एका रात्री आमच्या मनात आलं की त्या वाळवंटात आधी कुणीतरी विहीर खोदली होती. नामदेवरायांच्या हाकेला पाणी वर आलं, ते विहिरीतून आलं. ती विहीर पत्रावळ्यांनी बुजलेली असती तर? आम्ही चाळीस वर्षं नामदेवरायांची हाक सांगत राहिलो, विहीर खोदणाऱ्याचं नाव आमच्या तोंडात एकदाही आलं नाही. त्याचं नाव कुणाला माहीतही नाही.

आपलं गाव वाल्मिकी ऋषींच्या नावावरून वालूर झालं असं जुनी माणसं सांगत आलीत. वल्मीक म्हणजे वारूळ. ऋषी तपाला बसले, अंगावर वारूळ चढलं, आत माणूस आहे हे कुणाला कळेना. गाळ निघत गेला अन् एकेक पायरी उघडी पडायला लागली तेव्हा म्हाताऱ्या माणसांना हीच आठवण झाली. फक्त हे वारूळ मुंग्यांनी चढवलेलं नव्हतं.

काम करताना वाद झाले, तेही सांगतो, नाहीतर लोकांना वाटंल सगळं गोडीगुलाबीनं झालं. दगडाच्या सांध्यातून पिंपळ उगवला होता. पिंपळ तोडायला कुणी हात लावीना, धर्माचं झाड. पण मूळ वाढलं की दगड ढकलतं, एक दगड हलला की त्याच्यावरचे सगळे सैल. आम्ही पुढं झालो. झाडाला हात जोडले, जेवढं मुळासकट निघालं तेवढं अलगद काढून मोकळ्या जागेत लावलं. जे मूळ सांध्यात खोल गेलं होतं ते ओढलं नाही, बेतानं कापलं. जोरानं ओढलं असतं तर भिंत हातात आली असती. ते लावलेलं पिंपळाचं रोप जगलं, जाताना बघा.

मग कुणी म्हणालं, आतून सिमेंटचं प्लास्टर करू, पक्कं होईल. कुणी म्हणालं, पायऱ्यांना ऑइलपेंट देऊ, पिवळा अन् केशरी, दिसायला बरं. याच्यावर आम्ही भांडलो. दगडावर दगड बसवलेली भिंत आहे, पाणी त्या सांध्यांमधून पाझरतं. सांधे बुजवले तर बारवेचा हौद होईल. अन् पाणी मागून रेटा देईल तो वेगळाच. जुन्या वास्तूला हात लावायच्या आधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाला विचारावं, हेही आम्ही तेव्हाच शिकलो. गाळ काढायला अक्कल कमी लागते, दगड बसवायला जास्त. आपल्या जिल्ह्यातच जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जा, गोकुळेश्वराच्या देवळाजवळची बारव बघा. साताऱ्याकडं गेलात तर लिंब गावची बारा मोटेची विहीर बघा, तीनशे वर्षांची आहे. ते दगडकाम बघितलं की ऑइलपेंटचा डबा आपोआप खाली ठेवाल.

अन् लांब कशाला? खिशात शंभराची नवी, जांभळी नोट असंल तर काढा. मागची बाजू बघा. बघितलं? ती विहीर आहे माऊली, गुजरातमधल्या पाटणची ‘राणीची वाव’. सरस्वती नदीच्या गाळात कैक शतकं पुरलेली होती. गाळ काढला तेव्हा आत शेकडो मूर्ती निघाल्या. २०१४ साली जगाच्या वारशाच्या यादीत तिचं नाव गेलं, २०१८ साली नोटेवर आली. आपण बाजारात रोज विहिरीचं चित्र देतो-घेतो अन् भाव करतो मेथीच्या जुडीचा. (ठेवा आता नोटा खिशात, नाहीतर आम्ही वर्गणीसाठी काढायला लावल्या असं म्हणाल.)

झरे मोकळे झाले तो दिवस सांगतो अन् आवरतो. तळाच्या गाळात एका पोराचा पाय गार पडला. तो म्हणाला, बुवा, इथं ओल आहे. हातानं उकरलं, तर दगडाच्या फटीतून पाणी यायलं. आमची माय जिथं वाटी धरून बसायची, त्याच बाजूला. लई नव्हतं, करंगळीएवढं. सगळी पोरं शांत झाली. आमच्याकडं तेव्हा टाळ नव्हते, वीणा नव्हती, काही नव्हतं. आम्ही तिथंच चिखलात बसलो अन् ती धार बघत बसलो. पहिली ओंजळ कुणी घ्यायची यावर पोरांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही खाली उतरलेल्यातल्या एका पोराला म्हणलं, तू घे. त्याची आजी काठावर रिकामी घागर घेऊन उभी राहायची, ती आम्ही बघितलेली. त्याला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, बुवा, हे पाणी अजून प्यायचं नाही, घाण आहे. आम्ही म्हणलं, पिऊ नको, डोळ्याला लाव. त्यानं लावलं.

त्यानंतर महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. महाराष्ट्रात बऱ्याच बारवांवर तेव्हापासून दीपोत्सव होतात. दिसायला लई सुंदर झालं. पण दुसऱ्या दिवशी पायऱ्या तेलानं ओशट, पणत्यांची खापरं पाण्यात. आम्ही पुन्हा घमेलं घेऊन आत. उत्सव करा, दुसऱ्या दिवशी उचलायची माणसं आधी नेमा.

आता कामाचं. शताब्दीची वर्गणी जमली आहे. काही मंडळींचं म्हणणं, गावाच्या तोंडाशी कमान बांधू, वर दिंडीचं नाव, शंभर वर्षं पूर्ण. कमान वाईट नाही. पण आमचं मागणं असं आहे की कमानीआधी बारवेचं काम. दरवर्षी वैशाखात पाणी तळाला जातं, तेव्हाच गाळ काढता येतो. दिंडीचं प्रस्थान ज्येष्ठात. म्हणजे गाळ काढायचा अन् मग पताका उचलायच्या. दिंडीत ज्याला चालायचंय त्यानं आधी एक दिवस इथं घमेलं उचलायचं. वीणेकऱ्यानंसुद्धा, बुवानंसुद्धा. अन् सप्ताहाच्या पंगतीत थर्माकोल येणार नाही. सरकारनं २३ मार्च २०१८ ला बंदी घातली, तरी आपल्या पंगतीत ते कैकदा आलं, खोटं कशाला बोलू. पळसाची पत्रावळ महाग पडत असंल तर आपापलं ताट घरून आणा. वारीत नाही का आपण आपली ताटली पडशीत नेत?

मंडळींनी परवा बैठकीत आम्हाला विचारलं, बुवा, तुम्ही एवढं बोलता, तुम्ही काय देता? बरोबर विचारलं. आम्ही दोन गोष्टी देतो. यावर्षीच्या कीर्तनांची जी बिदागी मिळंल ती बारवेच्या कठड्याला. अन् आमच्या वावरात नवीन बोर पाडायचं ठरलं होतं, ते पाडत नाही. पोरगा रागावलाय. घरात दोन दिवस धड बोलणं नाही. त्याचंही चूक नाही, कापसाला पाणी लागतं. शेतात शेततळं घेऊ, बांध घालू, पावसाचं पाणी मुरवू, असं त्याला समजावतोय. बघू, ऐकलं तर बरं. तुमच्यातल्या कुणाचं त्याच्याशी चांगलं असंल तर दोन शब्द बोला.

उद्या काकडा झाला की इथं यायचं. आधी कंदील सुटंल, मग माणसं. खाली उतरायला तरणी पोरं, पायऱ्यांवर रांग धरून घमेली द्यायला आपण सगळे. माय-बहिणींनी वरचा कचरा वेगळा करायचा, गाळ एकीकडं, प्लास्टिक एकीकडं, म्हणजे गाळ वावरात जाईल. यंदा तो घ्यायला तिघांनी आधीच नाव सांगितलंय. लहान लेकरांना काठाच्या आत येऊ देऊ नका. साप निघाला तर मारू नका, आम्हाला हाक मारा. न्याहरी इथंच होईल, पिठलं-भाकरी. ताट आपापलं.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!